सात फूट पाणी

सासूबाई सुनावणीच्या खोलीत शिरल्या, तेव्हा सून खुर्चीमागे वाकून पडलेली टाचणी शोधत होती. टाचणी पडलीच नव्हती. भिंतीवरचा नकाशा चारही कोपऱ्यांत पक्का बसला होता, आणि तो तिनेच काढलेला होता.

खाडीकाठच्या बंगलेवाल्याला स्वतःच्या बोटींसाठी खाजणात धक्का बांधायचा होता. भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, असं ते खाजण. माशांची पिल्लं तिथे वाढत, आणि सासूबाई वस्तीतल्या बायकांबरोबर तीस वर्षं तिथूनच शिंपले नि खेकडे काढत आल्या होत्या. सून ज्या इंजिनिअरकडे नकाशे काढायची, नेमकं त्याच्याकडे धक्क्याचं काम आलं. ते दुसऱ्या कुणाला मिळालंय, असं तिने घरी सांगून टाकलं. आणि आज ऐनवेळी इंजिनिअरने नकाशाची गुंडाळी तिच्या हातात देऊन तिला गाडीत बसवलं होतं.

आजीच्या कडेवरच्या बाळाने आईला ओळखलं आणि दोन्ही हात पुढे केले. आता टाचणी शोधण्यात अर्थ नव्हता. सून सरळ उभी राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, बाळाचं टोपडं सारखं केलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बस, इतकंच. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं.

बायका मात्र तयारीनिशी आल्या होत्या. एकीचं म्हणणं होतं की टोपलीभर चिखल आणून साहेबांच्या टेबलावरच ओतायचा. दुसरी म्हणाली, तिथे पंखा आहे, आधी तो बंद करायला सांग. सासूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. कुणी आरडाओरडा करायचा नाही, एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो मी विचारीन, म्हणाल्या. बायका हिरमुसल्या.

इंजिनिअर नकाशावर छडी फिरवत होता. धक्क्याच्या जागी कायम सात फूट पाणी आहे, बोट सहज लागेल, खोदकाम लागणार नाही, म्हणून खाजणाला धोकाच नाही, असं तो अधिकाऱ्यांना पटवत होता. अधिकारी मान डोलावत होते. नकाशावरच्या रेषा छापील होत्या, पण पाण्याच्या खोलीचे इंग्रजी आकडे, त्या ऑफिसच्या रीतीप्रमाणे, पेनाने हाताने भरलेले होते. सातांच्या मधून आडवी रेघ होती, एक आणि सात यांचा घोळ होऊ नये म्हणून सून नेहमी द्यायची तशी.

मोजणीदाराच्या वहीत त्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना होता, वेळेचा. तो कुठे लिहायचा, असं तिने इंजिनिअरला विचारलं होतं. गाळून टाका, नकाशा गिचमिड दिसतो, असं उत्तर आलं. तिने गाळला. बाळाच्या औषधाच्या बाटलीवर वेळ लिहून सकाळी बाहेर पडायचं, सासूबाईंच्या हातचा डबा घ्यायचा आणि दिवसभर तो रकाना आठवायचा, असे पंधरा दिवस गेले होते.

“कुणाची हरकत?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

सासूबाई उठल्या. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलंच नाही. त्या सुनेकडे बघून, घरात विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, “हे मोजलं, तेव्हा भरती होती का ओहोटी?”

इंजिनिअर म्हणाला की हा तांत्रिक भाग आहे, तो मी नंतर लेखी देतो. अधिकारी म्हणाले, प्रश्न साधा आहे, आत्ताच सांगा. इंजिनिअरने सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत नोकरी होती.

बाळ आपलं खिदळत होतं.

“पूर्ण भरती होती साहेब,” ती म्हणाली. “ओहोटीला तिथे पाणी नसतं. गुडघाभर चिखल असतो. मोजणीच्या वहीत वेळ लिहिलेली आहे.”

अधिकाऱ्यांनी वही मागवली. पानं उलटली, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणजे बोट लागायची तर खोदावं लागणार, ते म्हणाले, आणि खाजणात खोदायला परवानगी नाही. अर्ज नामंजूर. मागच्या बाकावर सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.

इंजिनिअरने नकाशा गुंडाळला. उद्यापासून येऊ नका, असं तो गुंडाळीकडे बघूनच म्हणाला. सुनेने मान हलवली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाईंनी बाळ तिच्याकडे दिलं. बाळाने तिच्या खांद्यावर गाल टेकला. ती कशीबशी म्हणाली, “आई, तो नकाशा मी...”

“माहितेय. हरकतींसाठी त्याची नक्कल पंधरा दिवस इथे बाहेर फळ्यावर लावली होती ना. सातच्या पोटात रेघ मारणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे? औषधाच्या बाटलीवर रोज बघते मी.”

सुनेने मान वर केली. “मग इतके दिवस काही बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी चिखलाने चिरा पडलेला हात तिच्या पाठीवर ठेवला.

“म्हटलं, आधी तू बोल.”