चौथ्या मजल्यावरचा तक्ता

संपात गिरणी सुटली तरी गुणाजी मास्तरांची तालीम सुटली नव्हती. मुलुंडच्या आपल्या इमारतीत ज्याचं त्याचं वय, हाडपेर बघून ते व्यायामाचा तक्ता लिहून द्यायचे. कुणाला जोर-बैठका, कुणाला नुसतं चालणं. चौथ्या मजल्यावरच्या विद्याधरकाकांना त्यांनी बारा सूर्यनमस्कार लिहून दिले होते. पण काका अंथरूण सोडतील तर शपथ! म्हणून मास्तर रोज पहाटे चार जिने चढून त्यांना उठवायला जात.

एका पहाटे ते काकांच्या दारातच छातीत कळ येऊन कोसळले. अर्ध्या तासाने दूधवाल्याने पाहिलं, तोवर सगळं संपलं होतं. "गाढ झोपेत होतो, कळलंच नाही," असं काका सगळ्यांना सांगत राहिले.

तेराव्याच्या पंगतीत तिसरी जिलबी उचलत ते मास्तरांच्या मुलीला म्हणाले, "बघ ना सुगंधा, जन्मभर घाम गाळून काय मिळालं तुझ्या बाबांना? मी आपला लोळत असतो, आहे ना ठणठणीत?"

पाक त्यांच्या बोटांवरून ओघळत होता. सुगंधाने त्यांच्या भांड्यात पाणी वाढलं आणि ती आत आली.

मागोमाग काकांच्या पत्नी कुंदाकाकू आल्या. डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस गं."



मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी बेल दोनदा वाजली. मी उठत होते, तर हेच म्हणाले, पडून राहा, वाजवून वाजवून जातील मास्तर."