दोन रिंगा आणि कट

"दोनचं बटन दाबून धरायचं. दोन रिंगा गेल्या का लाल बटन दाबायचं. बस," बद्रीनाथ आईला शिकवत होता. "एक पैसा कटत न्हाई."

गोजरबाईनं त्याचा जुना मोबाइल उलटा धरला होता, तो तिनं सरळ केला. "अन् मीच हाय हे बेबीला कसं कळायचं?"

"मिसकॉल बघितला का माणूस आपण होऊन फोन लावतं, माय. समदी दुनिया तसंच करून राह्यली."

गोजरबाईला हे फार पटलं. बेबीनंदा तिची एकुलती लेक. सहा वर्षांमागं घरी न सांगता परभणीच्या एका मास्तराशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. तेव्हा राजूरच्या भर चौकात गोजरबाई म्हणाली होती, मला लेकच नाही. आता साठी उलटली, गुडघे गेले, पण लेकीची आठवण काही जाईना. तरी बाई हट्टाची. बोललेला शब्द आपणहून मागं घेणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"मी पहिलं बोलणार न्हाई," ती म्हणाली. "मिसकॉल म्हंजे काई बोलणं न्हाई. अन् तू मधी पडू नको. तुला माझी आण हाय."

बद्रीनाथ हसला. त्याला ही तोड बराबर वाटली. बहिणीचा नंबर चुलत्याकडून, रखमाजीकडून त्यानंच तर आणला होता.

त्या दिवसापासून गोजरबाई दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावायची आणि ओसरीवर येऊन दोनचं बटन दाबायची. दोन रिंगा. कट. मग तीनचं बटन दाबून बद्रीनाथलाही तसाच मिसकॉल द्यायची आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसायची. भाकरी थापतानाही तो परातीशेजारी असायचा.

बद्रीनाथ नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत होता. नोकरी फिरतीची. पूर्वी शेतकरी त्याचा नंबर धरून ठेवायचे आणि कापूस उगवला नाही की सकाळपासून त्याचं जेवण हराम करायचे. शेवटी मोबाइलवाल्याला सांगून त्यानं त्या जुन्या सेटमधूनच नंबर झाकून घेतला होता; कोणाला लावला तरी तो दिसायचा नाही. आता तक्रारी ऐकायला कंपनीनं वेगळा माणूस ठेवला, बद्रीनाथला नवा सेट दिला, आणि तो सुखी झाला. संध्याकाळी खिशात दोन रिंगा वाजून थांबल्या की तो मोटारसायकल बाजूला घ्यायचा आणि मिसकॉल कोणाचा हे न बघताच आईला लावायचा. त्या घडीला दुसरं कोण असणार?

"आला का बेबीचा फोन?"

"न्हाई. कामात असंल. मास्तरच्या घरी काय कमी राबणूक असती?"

महिन्यानं विचारलं, तर म्हणाली, लेकरं लहान असतील. तीन महिन्यांनी म्हणाली, "राग माझ्यावानीच हाय तिचा. माझीच लेक ना ती." आणि थोडी हसली.

पोळ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "आज उचलला होता तिनं."

"मंग? काय म्हणली?"

पलीकडं परात सरकवल्याचा आवाज आला.

"काई न्हाई. आवाज चांगला खणखणीत हाय. खाऊनपिऊन सुखी दिसती."

"तू बोललीस का न्हाई?"

"मी कशाला बोलू? तुला सांगितलं होतं ना, पहिलं बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून बद्रीनाथच्या खिशात दोन रिंगा वाजल्या नाहीत. रविवारी तो राजूरला गेला, तर मोबाइल गोधड्यांच्या घडीत बंद पडलेला. त्यानं चार्जिंगला लावून आईपुढं धरला.

"राहू दे," गोजरबाई म्हणाली. "तिला तरास कशाला?"

मग त्यानं आण मोडली आणि दोनचं बटन स्वतः दाबलं. हा नंबर बंद आहे, असं एका बाईनं सांगितलं.

"नंबर बदलला तिनं, माय."

"बदलणारच," गोजरबाई म्हणाली. ती चिडली नाही. ती चिडली असती तर बद्रीनाथला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिचं जेवण सुटलं. जालन्याच्या डॉक्टरला काही मोठं सापडेना, त्यानं टॉनिक लिहून दिलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली. बद्रीनाथनं बहिणीला कळवलं नाही. रखमाजीला सांगितलं असतं तर एका तासात निरोप गेला असता, हे त्याला कळत होतं. पण एवढ्या महिन्यांत जिचा जीव द्रवला नाही, तिनं आता येऊन कोणासाठी रडायचं?

रखमाजीनंच शेवटी कळवलं. चौथ्या दिवशी बेबीनंदा एकटीच आली आणि ओसरीच्या पायरीवरच कोसळली. बायकांनी तिला धरून आत आणलं, पाणी पाजलं. बाया गेल्यावर बहीणभाऊ दोघंच राहिले. बद्रीनाथला वाईट वाटत होतं आणि राग आवरतही नव्हता.

"मला कळवलं न्हाईस, दादा."

"कुठं कळवायचं? नंबर बदलून मोकळी झालीस. एवढा काय तरास होता तुला आमचा?"

बेबीनंदा त्याच्याकडं बघतच राहिली. "तुमचा कसला तरास? माझ्याकडं तुमचा कोणाचा नंबर तरी होता का? काकाकडं मागायची हिंमत झाली न्हाई. तुमचा एक फोन यावा म्हणून सहा वर्षं देव पाण्यात घालून बसले मी."

"मंग बदलला कशाला?"

"कोणी तरी मवाली माझ्या मागं लागला होता. रोज दिवे लागले का दोन रिंगा द्यायचा अन् कट करायचा. नंबर काई दिसायचा न्हाई. घरात मास्तरला संशय यायला लागला. मी पार भिऊन गेल्ते. मंग पोळ्याच्या टायमाला एकदा पहिल्याच रिंगला उचलला अन् चांगलं सुनावलं. म्हणलं, लाज वाटती का जराशी? मर तिकडं एकदाचं."