शक्तीचं दूध

हॉस्पिटलात भलेभले पेशंट तिला टरकून असत, घरी मात्र बाबा या नर्सबाईला मुळीच जुमानत नसत. म्हणून तिने बाबांसाठी ठेवलेला शक्तीची पावडर घातलेल्या दुधाचा पेला महिनाभर सकाळ-संध्याकाळ रिकामा दिसत राहिला, तेव्हा ती मनातून सुखावली होती.

मग घरातल्या मांजरीचं पोट बिघडलं. एरवी पडद्यांवर चढून उच्छाद मांडणारी ती बया दोन दिवस कोपऱ्यात मलूल पडून होती, आवडत्या माशाकडेही बघेना. शेवटी तिला टोपलीत घालून बापलेक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी मांजरीचं पोट चाचपलं, मग मिशांना बोट लावून वास घेतला.

"हिला हे पावडरचं दूध कोण पाजतंय? मांजरांना साधं दूध पचत नाही, त्यात हे."

लेकीने सावकाश मान वळवून बाबांकडे बघितलं. बाबा आधी जरा ओशाळले, मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मात्र ताठ बसले.

 

"महिनाभर प्यायली ही तुझं शक्तीचं दूध. आता हिच्याकडे बघ, आणि म्हणून दाखव मला, 'बाबा, दूध प्या.'"