परवा काढायचं मीठ

"मावशी, जरा बाजूला हो, फोटोत येतेयस!" भाचा बांधावरून ओरडला. मावशीने वळून बघितलं तर वाफ्यात सात माणसं उभी. बूट घालून!

मिठाच्या वाफ्यात. परवा ज्यातलं मीठ काढायचं होतं, नेमक्या त्याच वाफ्यात.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली लांब दांड्याची फळी तिथेच टाकून ती बांधावरून धावत सुटली. पासष्टीची बाई, पण काय धावली म्हणता!

वाफ्याचा तळ म्हणजे लोकांना वाटतो तसा नुसता चिखल नव्हे. चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, मावशी आणि तिच्या सुनेने तो अनवाणी पायांनी तुडवला होता. तळ असा घट्ट बसावा लागतो की खारं पाणी वर थांबेल आणि थेंबही खाली मुरणार नाही. तेव्हा कुठे मीठ पांढरं येतं. त्या तळावर साधी चप्पल घालून उतरायची मावशीच्या सख्ख्या मुलाची छाती नव्हती. आणि हे सात जण जाड तळाचे बूट घालून नांगर फिरवल्यासारखे फिरत होते.

"या, या, बिनधास्त या. काही होत नाही," भाचा सांगत होता. गळ्यात माईक, डोक्यावर टोपी. लोक त्याला सर म्हणत होते. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! याच मिठागरात तो आईच्या मागे मागे फिरून मोठा झाला. तेव्हा त्याला सगळे बारक्या म्हणायचे. आता तो लोकांना निसर्ग दाखवायला आणतो. सकाळी पक्षी, दुपारी मीठ, पाचला बस.

"अगदी बर्फात असल्यासारखं वाटतंय," पांढऱ्या झग्यातली बाई म्हणाली आणि फोटोसाठी तिने एक उडी मारली.

कर्रकन मिठाचा थर फुटला. खालून काळा चिखल वर आला. बुटांनी पडलेल्या प्रत्येक खड्ड्यातून बुडबुडे येत होते. मावशीने वाफ्याच्या कडेकडे बघितलं. पाणी बोटभर खाली गेलं होतं.

"बाहेर!" ती किंचाळली. "सगळे बाहेर निघा! आत्ताच्या आत्ता!"

"मावशी, हे परत एकदा म्हणाल का?" मोबाईल धरलेला एक जण म्हणाला. "वाऱ्यामुळे आवाज नीट आला नाही."

मग त्याने तिचा चेहरा बघितला आणि गुपचूप बाहेर आला. त्याच्यामागून बाकीचे आले.

"सॉरी हं," झग्यातली बाई म्हणाली. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"तुमचं नाही हो चुकलं. तुम्ही पाहुण्या." मावशी भाच्याकडे वळली. "यांना आत तू सोडलंस?"

"अगं, एवढं काय त्यात? जरा चिखल वर आलाय, बसेल खाली."

"खाली बसेल? तळ फुटलाय! पाणी मुरतंय, दिसत नाही तुला? या वाफ्यात आता हंगामभर मीठ धरणार नाही!"

भाच्याने माईक बंद केला आणि आवाज खाली आणला. "मावशी, मी केवढासा होतो तेव्हा. मला काय आठवतंय बूट आणि तळ? विसरलो गं."

विसरलो म्हणाला. मावशी जरा थांबली. लहान होता, हे खरं. आई गेल्यावर शहरात काकाकडे वाढला, हेही खरं. माणूस विसरतो.

"बरं," ती म्हणाली. "विसरला असशील तर शिकवते. बूट काढ."

"आत्ता? अगं, लोक बघतायत."

"बघायलाच आणलंयस ना त्यांना?"

तिने फावडं घेतलं आणि बांधाचा कोपरा फोडला. काळं पाणी भसाभसा चरात गेलं. त्याच्याबरोबर परवाचं मीठही गेलं. तिने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. कडेची सुकी माती खड्ड्यांवर ओढली आणि फावडं बाजूला ठेवलं. "उतर."

सात मोबाईल वर झाले. "वा! हे कार्यक्रमात लिहिलंच नव्हतं," कुणीतरी खूश होऊन म्हणालं. भाचा कसानुसा हसला. विजार दुमडून खाली उतरला.

"आता बघ, आधी डावा पाय..." मावशीने सुरुवात केली, पण तो सांगायची वाट बघत थांबला नाही.

त्याने डावा पाय टाकला. मग उजवा, डाव्याच्या ठशावर अर्धा चढवून. गुडघे किंचित वाकलेले, सगळा भार टाचेवर. एकही ठसा सुटा नाही. कोपऱ्यात पोचल्यावर टाच न उचलता जागच्या जागी फिरला आणि परतीची ओळ धरली. तसं फिरणं त्याच्या आईचं. मावशीला ते जन्मात कधी जमलं नव्हतं.

मावशीने एक पूर्ण ओळ होऊ दिली. बहीण दिसली तिला, आणि मग संताप उसळून आला.

"विसरला नव्हतास तू," ती म्हणाली.

भाचा थांबला. मान खाली.

"विसरला असतास ना, बारक्या, तर मी सोडून दिलं असतं."

आता कुणी फोटो काढत नव्हतं. झग्यातली बाई स्वतःच्या बुटांकडे बघत होती. दूर रस्त्यावर बसने भोंगा वाजवला, एकदा, मग पुन्हा एकदा.

"मावशी, बस..."

"तुडव," ती म्हणाली.