कुंपणावरचा गप्पीदास

बायको गेल्यापासून कुंपणाच्या झुडपावर एक गप्पीदास येऊन बसतो. मूठभर काळा पक्षी, पंखावर पांढरा डाग. किडे टिपता टिपता मधेच तो हिच्या आवाजात म्हणतो, "अहो, पाणी."

मला वाटायचं, भास होतोय. पण आज मुलगी आली होती. भर दुपारी तिनंही ते ऐकलं आणि तिच्या हातातला कप निसटला.

"बाबा, आई झोपेत गेली म्हणाला होतात ना?"

"झोपेतच गेली गं. पाखराचं काय मनावर घेतेस? नावच गप्पीदास त्याचं, काहीही बरळतो."

ती खिडकीशी गेली. पक्ष्यानं चोचीतला किडा गिळला आणि पुन्हा पाणी मागितलं.

मग तो माझ्या आवाजात म्हणाला, "मर एकदाची."