दहा बुड्या, एक बुडी

दुर्गेश्वरीने तक्त्यात शेवटचा रकाना आखला आणि वर लिहिलं : प्रवाह.

डावीकडे कोझुमेल, उजवीकडे बोनेअर. दोन्ही कॅरिबियन समुद्रातली बेटं. दोन्हीकडचं एकेक डाइव्ह रिसॉर्ट तिने बाकीच्यांतून निवडून ठेवलं होतं. कोझुमेलला बोटीतून पाण्यात उतरायचं आणि प्रवाह नेईल तिकडे जायचं. बोनेअरला किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. प्रवाळ तिथून हाकेच्या अंतरावर.

अठरा वर्षं ती गोंदियाच्या कॉलेजात प्रवाळ शिकवत होती, फळ्यावर काढून. समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईला, आणि तो राखाडी होता. ह्यूस्टनला राहणारा दीर इंद्रकुमार म्हणाला होता की या दिवाळीत अशाच एखाद्या बेटावर भेटू, वहिनींनी जागा ठरवावी, बुकिंग तो करेल. दुर्गेश्वरीने तेव्हापासून फळ्यावर प्रवाळ काढताना हात जरा सावकाश चालवला होता.

अडचण एकच होती. दहा दिवस सासूबाईंना गोंदियाजवळ मुर्रीतल्या घरात एकटं कसं ठेवायचं? मुलगी गुंजन नागपूरला हॉस्टेलवर. देवरीला नणंद प्रेमिला न्यायला तयार होती, पण जमुनाबाईंनी सरळ सांगितलं, मी देवरीले जात नाही. कारण सांगितलं नाही. आईची सोय लागल्याशिवाय आपण हलणार नाही, असं तिच्या नवऱ्याने, उमेंद्रने, सांगून टाकलं आणि तो आपल्या बियाण्याच्या दुकानात निघून गेला.

जमुनाबाई समोर पाटावर बसून वालाच्या शेंगा मोडत होत्या.

"कायले वो इतक्या दूर बुडाले जाता? बोदलकसा आटला काय?"

बोदलकसा त्यांचं माहेर. लहानपणी तिथल्या तलावात म्हशीचं शेपूट धरून पार पलीकडे जात, असं त्या सांगत. ते कोणी फारसं खरं धरत नसे.

दुर्गेश्वरीने समजावलं की तलावात प्रवाळ नसतं. जमुनाबाईंनी विचारलं, त्या बोटीला शिडी आहे का. आहे, पण हलते, असं कळल्यावर म्हणाल्या, मग ती जागा बेकार. दुसरीकडे पाण्यात उतरताना दगड आहेत की वाळू? भात मिळतो का? पाणी थंड असतं का, गुडघे धरतील असं?

दुर्गेश्वरीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि मनात एकेक खूण केली. या बाईंना खोट काढायचीच होती. गंमत अशी की सगळ्या खोटी कोझुमेलच्याच निघत होत्या.

रिसॉर्टच्या कागदावर 'डाइव्ह' लिहिलेलं. घरात त्याची बुडी झाली होती. दुर्गेश्वरीला दहा बुड्या हव्या होत्या. उमेंद्र म्हणायचा, आपल्याला एक बस झाली, फोटोपुरती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा जमुनाबाई शेंगेतून मान वर न करता म्हणाल्या होत्या, "या घरात बुडी एकच हाय. मी." इकडे झाडीपट्टीच्या बोलीत म्हातारीला बुडीच म्हणतात. उमेंद्र त्या दिवशी जेवताना दोनदा ठसकला.

जुलै महिना धावपळीत गेला होता. दोघांचे पासपोर्ट काढले. चौकशीचा पोलीस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला दुर्गेश्वरी कॉलेजात होती, जमुनाबाईंनीच त्याला चहा पाजला. त्याच सुमारास त्या डोळे दाखवायला गुंजनकडे नागपूरला जाऊन आल्या. चष्मा नाही, औषध नाही. डॉक्टर म्हणे, डोळे चांगले आहेत. फोटो काढला म्हणे.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "तुम्ही तिकीट काढा. माही सोय झाली."

कुठे, कोणाकडे, हे विचारल्यावर फक्त हसल्या. शेजारची शामकला मुक्कामाला येणार असेल, असं दोघांनी धरलं. दुर्गेश्वरीने त्या दिवशी वर्गात प्रवाळ काढलं, त्यात रंगीत खडूने मासेही घातले. मुलं बघत राहिली.

रविवारी इंद्रकुमारचा फोन आला तेव्हा तिचे हात पिठात होते. फोन जमुनाबाईंनी घेतला. स्वयंपाकघरातून तिला ऐकू आलं.

"बोनेअर. हो, ते चालत जायचं हाय तेच. अन् लिहून घे बाबू, दहा बुड्या, अन् एक बुडी."

दहा माझ्या, एक यांची. दुर्गेश्वरीने पोळी तव्यावर टाकली. ती टम्म फुगली.

बुकिंग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. उमेंद्रने फोनवर उघडलं आणि त्याला हसू आवरेना. बोनेअर, दिवाळीच्या सुट्टीतले दहा दिवस, आणि खाली तीन नावं. उमेंद्र. दुर्गेश्वरी. जमुनाबाई.

"इंद्रा पूरा अमेरिकन नाही झाला," तो डोळे पुसत म्हणाला. "बुडी म्हटलं तं त्यानं आईलेच टाकलं."

दुर्गेश्वरीही हसली. हसता हसता तिने अंगणात पाहिलं. जमुनाबाई तारेवरची लुगडी काढून घड्या घालत होत्या. त्या हसत नव्हत्या. गाणं गुणगुणत होत्या.

उमेंद्रने नाव काढायला सांगायचं म्हणून भावाला फोन लावला. रिंग जात होती. दुर्गेश्वरीने सवयीने त्याच्या हातातून फोन घेऊन बुकिंगमधला तक्ता शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला, आणि लावलेला फोन कापला.

तिसऱ्या नावापुढे पासपोर्टचा नंबर होता.