बेनीचा अंतरा

"सर, अंतऱ्यात तुम्ही पुन्हा पुढे पळताय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

माइकसमोर उभ्या उल्हासने हेडफोन सारखा केला. बँडची जुनी गाणी पाहुण्या वादकांना घेऊन नव्यानं रेकॉर्ड होत होती. बेनी गेल्यापासून रिकाम्या राहिलेल्या ड्रम्सवर आज एक तरुण मुलगी बसली होती. तिचा ताल केसभरही हलत नव्हता.

असाच ड्रमर तर उल्हासला जन्मभर हवा होता. बेनी दर अंतऱ्याला धावत सुटायचा, त्याला गाठता गाठता उल्हासच्या नाकी नऊ यायचे. मग तो भर कार्यक्रमात मागे वळून डोळे वटारायचा. "पाठी कुत्रं लागलंय का रे तुझ्या?" बेनी नुसता दात काढायचा आणि आणखी जोरात बडवायचा.

गाणं पुन्हा सुरू झालं. अंतरा आला तसा उल्हास सवयीनं पुढे पळाला, आणि सवयीनंच गर्रकन मागे वळून त्याने डोळे वटारले.

मुलीचे हात थांबले. "सॉरी सर. माझं काही चुकलं का?"

त्याने हेडफोन गळ्यात उतरवला.

"नाही गं," तो म्हणाला, "तुझं काहीच चुकत नाही."